हाड मोडल्यावर पुन्हा सायकलवर: कॉलर बोन आणि मनगटासाठी टप्प्याटप्प्याची तयारी

प्लास्टर सोमवारी काढलं आणि रविवारी पन्हाळ्याला निघालो, हा प्रकार कोल्हापुरात नवा नाही. प्लास्टर निघालं याचा अर्थ एवढाच, की आता हाडाला बाहेरच्या आधाराची गरज उरलेली नाही. हात लुळा पडलेला असतो, सांधा आखडलेला असतो आणि सायकलवरचा ताबा गेलेला असतो. हे परत यायला क्रम लागतो: आधी हाड, मग सांधा, मग ताकद, मग ताबा आणि सगळ्यात शेवटी अंतर. बहुतेक जण मधले तीन गाळून थेट अंतराला हात घालतात.

पडताना माणूस हात पुढे टेकवतो, नाहीतर खांद्यावर आपटतो. म्हणून सायकलवाल्यांची दोन हाडं वारंवार मोडतात: गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे कॉलर बोन, आणि मनगट. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पायाच्या हाडाबद्दल थोडं टप्पा ५ मध्ये आहे.

## टप्पा १: पहिले दोन दिवस

१. हातातली अंगठी, कडं, घड्याळ, मनगटाचा दोरा लगेच काढा. सूज तासाभरात चढते आणि मग अंगठी कापावी लागते.

२. 'मुका मार आहे, उतरेल' असं म्हणून थांबू नका, एक्स-रे काढा. बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत आहे, ही समजूत चुकीची आहे. मोडलेल्या मनगटाची बोटंही हलतात.

३. मनगट दुखत असेल तर एक जागा मुद्दाम दाबून पाहा. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी मनगटाच्या बाजूला एक खळगा पडतो. जुनी माणसं तपकीर ओढताना चिमूट तिथेच ठेवत. त्या खळग्यात दाबल्यावर कळ आली तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडल्याची शंका घ्यावी लागते. या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. अशा वेळी डॉक्टर मनगट बांधून ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा सीटी, एमआरआय सांगतात. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून विषय सोडून देणारे वर्षभर मनगट धरून बसतात, कारण या हाडाला रक्त कमी मिळतं आणि दुर्लक्ष झालं की ते जुळत नाही.

४. हाडवैद्याकडे जाऊन मालिश, ओढाओढ आणि आवळून बांबूच्या पट्ट्या, हे नकोच. तालमीत मुरगळलेला पाय चोळून बरा होतो म्हणून मोडलेलं हाड चोळायचं नसतं. कोपराजवळच्या दुखापतीला मालिश केली तर स्नायूतच हाड तयार होऊन कोपर कायमचा आखडू शकतो. आवळून बांधल्याने रक्तप्रवाह अडतो, ते वेगळंच.

सावध: पुढचं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. औषध घेऊनही वाढतच जाणारी वेदना, बोटं निळी, पांढरी किंवा गार पडणं, बोटं हळूच सरळ केली तरी असह्य कळ, बधिरपणा, कॉलर बोनच्या टोकाने वरची कातडी तंबूसारखी उचललेली दिसणं, श्वास घेताना दम लागणं. डोकं आपटलं असेल आणि उलटी किंवा गुंगी आली, तर हाड दुय्यम, आधी डोकं दाखवा.

## टप्पा २: डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

'सायकल कधी चालवू?' असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघमच मिळतं, 'दीड-दोन महिन्यांनी बघू.' प्रश्न तोडून विचारा आणि कागदावर लिहून न्या:

- हाडाची टोकं सरकली आहेत का? ऑपरेशन लागणार का?
- कुठली हालचाल आजपासून करायची आणि कुठली बंद?
- हातात किती वजन उचललं तर चालेल, आणि कधीपासून?
- पुढचा एक्स-रे कोणत्या तारखेला?
- घरात जागेवर उभी सायकल कधी? हँडलवर भार कधी? रस्त्यावर कधी?

शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात. लोक गोंधळतात ते इथेच.

साधारण अंदाज असा. ऑपरेशनशिवाय कॉलर बोन जुळायला मोठ्या माणसाला ६ ते १२ आठवडे लागतात. रस्त्यावर सायकल बहुधा ८ ते १२ आठवड्यांच्या आसपास येते. ऑपरेशन करून धातूची प्लेट टाकली असेल तर काहींना ६ ते ८ आठवड्यांत परवानगी मिळते. मनगटाचं पक्कं प्लास्टर ५-६ आठवडे राहतं आणि रस्ता त्यानंतर आणखी महिनाभराने, कधी जास्तच. हे आकडे मनाची तयारी करण्यापुरतेच धरा, हिरवा कंदील तुमच्या एक्स-रेचा. प्लेटने हाड ताबडतोब जुळत नाही. ते जुळेपर्यंत प्लेट टोकं जागेवर धरून ठेवते, आणि मध्येच पुन्हा पडलात तर प्लेट वाकते, स्क्रू उपटतात.

## टप्पा ३: हात बांधलेला असताना

झोळी. तळवा कोपरापेक्षा किंचित वर राहील इतका पट्टा आवळा. कोपर झोळीच्या मागच्या टोकाला नीट टेकलेला हवा. तळवा खाली लोंबला की बोटं सुजतात. झोळीची गाठ मानेच्या मणक्यावर येऊ देऊ नका, बाजूला घ्या.

हालचाल. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पहिल्याच दिवसापासून, जागे असताना दर तासाला: घट्ट मूठ, मग बोटं पूर्ण सरळ, १० वेळा. अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला. कॉलर बोन मोडलेल्यांनी दिवसातून ४-५ वेळा झोळीतून हात काढून कोपर सरळ करायचा आणि वाकवायचा, खांदा न उचलता. महिनाभर बोटं न हलवता ठेवली, तर मनगट बरं होऊनही ब्रेकचा लिव्हर दाबता येत नाही.

झोप. कॉलर बोनला पहिला आठवडा दोन-तीन उशा पाठीशी लावून अर्धवट बसून झोपा. कोपराखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे खांदा मागे ओढला जात नाही.

खाज. प्लास्टरमध्ये विणायची सुई, पट्टी, पेनाची रिफिल घालू नका. आतल्या ओरखड्यात पू झाला तर बाहेरून कळत नाही, वास सुटल्यावर कळतं.

खाणं. कोल्हापुरात हाड मोडलं की पहिला सल्ला पाया नाहीतर अळणीचा. खुशाल प्या, पण त्या पाण्यात कॅल्शियम फार थोडं उतरतं. कामाचं आहे ते ताटातलं मटण. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. गंगावेशीत कट्ट्यावर मिळणाऱ्या दुधाचा मोठा पेला, म्हणजे पाव लिटर, धरला तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या जवळपास. दोन पेले दूध आणि नाचणीच्या भाकरी झाल्या की हिशेब जवळजवळ पुरा होतो. प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज बांधा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, पण गोळ्या मनाने खाऊ नका.

सावध: मावा, तंबाखू, मिश्री, सिगारेट सगळं बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळणं लांबतं, काही वेळा थांबतं. 'मी ओढत नाही, फक्त मिश्री लावतो' ही पळवाट हाडाला समजत नाही.

## टप्पा ४: सांधा मोकळा करणं

हाड जुळत आल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावरच हा टप्पा. फिजिओथेरपिस्टकडे किमान दोन-तीन वेळा जा. व्यायाम कागदावर नव्हे, हाताला धरून शिकावे लागतात.

*कॉलर बोनसाठी.* सुरुवात लोलकाने: टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि अंग हलवून तो झुलू द्या. नंतर भिंतीवर बोटांनी चढणं. परवानगी मिळेपर्यंत हात खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नका. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच नेहमीची: भीतीने दोन महिने झोळी सोडायचीच नाही. मग हाड जुळतं आणि खांदा आखडून बसतो, तो सोडवायला हाडापेक्षा जास्त दिवस जातात.

*मनगटासाठी.* कोमट पाण्यात ५ मिनिटं हात ठेवून मगच व्यायाम. वर-खाली, डावी-उजवीकडे, आणि तळवा वर-तळवा खाली फिरवणं, प्रत्येकी १० वेळा, दिवसातून ३ वेळा. नमस्काराच्या मुद्रेत तळवे जुळवून कोपर हळूहळू वर उचलणं हा सायकलवाल्यांसाठी सगळ्यात उपयोगी ताण, कारण हँडल धरताना मनगट असंच मागे वाकतं.

ताकदीला मऊ चेंडू, मग ओला रुमाल पिळणं, मग ओला टॉवेल. जिममधलं डंबेल यानंतर.

तपासा: व्यायामाने ओढ बसली, दुखलं, पण तासाभरात उतरलं, तर चालेल. सूज दुसऱ्या सकाळपर्यंत टिकली तर आदल्या दिवशी जास्त झालं.

## टप्पा ५: घरातली सायकल

हृदय आणि पाय टिकवायला होम ट्रेनरसारखी, म्हणजे आपलीच सायकल घरात जागेवर चालवता येईल अशा स्टँडसारखी, सोय नाही. डॉक्टरांनी होकार दिला तर कॉलर बोनवाले हात झोळीत ठेवूनही, अंग सरळ ठेवून, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पाय फिरवू शकतात. ट्रेनर नसेल तर जिममधली सरळ बसायची सायकल घ्या.

१. धोका पेडल मारण्यात नाही, चढण्या-उतरण्यात आहे. चांगल्या हाताच्या बाजूला न डुगडुगणारं स्टूल ठेवा आणि त्यावरून चढा. पहिले काही दिवस घरात कोणीतरी असू द्या.

२. सायकल ट्रेनरमध्ये पक्की बसलीय का, हाताने हलवून बघा. पुढच्या चाकाखाली ठोकळा.

३. हलक्या गिअरवर १५ मिनिटं. मिनिटाला ८० ते ९० फेरे. उभं राहून पेडल मारायचं नाही, कारण त्यात हँडल ओढलं जातं. बोलता येईल इतपतच दम.

४. समोर पंखा लावा. घाम प्लास्टरमध्ये किंवा टाक्यांवर उतरू देऊ नका. टाके काढून जखम कोरडी होईपर्यंत घामाचा व्यायाम थांबवा.

५. दर दोन-तीन दिवसांनी ५ मिनिटं वाढवत ४५ पर्यंत. हँडलवर भार द्यायची परवानगी मिळाली की आधी २ मिनिटं हात टेकवा, २ मिनिटं सरळ बसा.

पायाच्या हाडाचं गणित याच्या उलट. तिथे घोटा, नडगी किंवा मांडीला किती भार द्यायचा हे डॉक्टर ठरवतात, आणि बऱ्याच जणांना चालण्याआधी बिनओझ्याची जागेवरची सायकलच व्यायाम म्हणून दिली जाते. मात्र रस्त्यावर थांबताना अख्खं वजन एका पायावर येतं. दुखऱ्या पायावर १० सेकंद उभं राहता येत नसेल तर रस्ता नाही. पोटरी अचानक सुजली, गरम आणि दुखरी झाली तर रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

## टप्पा ६: सायकलची दुरुस्ती आणि बदल

माणूस दोन महिने उपचार घेतो आणि सायकल पडली तशीच जिन्याखाली. मग पहिल्याच दिवशी चेन स्पोकमध्ये.

- हेल्मेट: जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी आतला थर्माकोल दाबला गेलेला असतो. नवीन घ्या.
- गिअरचा हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (चेन एका दातऱ्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जिथे टांगलेला असतो तो तुकडा: उजव्या बाजूला पडलेल्या सायकलचा हँगर आत वाकतो. मागून बघा, डिरेलर चाकाशी समांतर आहे का. नसेल तर सगळ्यात मोठ्या दातऱ्यावर चेन स्पोकमध्ये शिरते.
- फ्रेम आणि फोर्क: कार्बनची असेल तर फडक्याने पुसत जा. धागे अडकतील तिथे चीर असू शकते. नाण्याने ठोकत जा. मध्येच आवाज बद्द झाला तर मेकॅनिककडे.
- हँडल, स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा): ॲल्युमिनियमचं हँडल वाकलेलं दिसलं तर सरळ करून वापरू नका, बदला. स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचने, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच. बहुतेकांवर ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

आता हातावरचा भार कमी करा. हँडल २-३ सेंटीमीटर वर घ्या: स्टेमखाली स्पेसरच्या कड्या घालून किंवा स्टेम उलटा करून. सीट सपाट ठेवा. नाक खाली झुकलं की अंग घसरतं आणि सगळं वजन तळव्यांवर येतं. हँडल वर घेऊनही हात दुखतात त्यांनी आधी सीटकडे बघावं. टायरची हवा नेहमीपेक्षा १० पीएसआय कमी, पण टायरच्या कडेला छापलेल्या किमान आकड्याच्या खाली नाही. क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारी पकड) काढून साधे पेडल लावा. क्लीट वेळेत न सुटल्याने उभ्या-उभ्या आडवं पडणं ही हाड पुन्हा मोडण्याची सगळ्यात फुकाची पद्धत.

ब्रेकचा लिव्हर स्क्रूने हँडलजवळ आणा, म्हणजे अशक्त बोटं पोचतात. कुठला लिव्हर पुढच्या चाकाचा, हे चाक फिरवून खात्री करा. हात दुखतो म्हणून ब्रेकच्या केबली अदलाबदल करून घेऊ नका. घाबरल्यावर हात जुन्या सवयीनेच दाबतो.

## टप्पा ७: रस्त्याआधीच्या सहा परीक्षा

सहाही एकाच दिवशी पार पडल्या पाहिजेत:

१. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी 'रस्त्यावर चालेल' असं स्पष्ट सांगितलंय.

२. मोडलेल्या जागेवर बोटाने दाबलं तर दुखत नाही.

३. वजनकाटा टेबलावर ठेवून कोपर सरळ ठेवून तळव्याने दाबा. आधी चांगल्या हाताने, मग दुखऱ्या. दुखरा हात चांगल्याच्या निदान ८० टक्के दाबतोय.

४. भिंतीला १५ पुशअप, न दुखता.

५. उभ्या सायकलचा ब्रेक दुखऱ्या हाताने सलग २० वेळा पूर्ण दाबता येतो आणि २० वा दाब पहिल्याइतकाच आहे.

६. ट्रेनरवर बसून उजव्या खांद्यावरून मागे बघता येतं, आणि उजवा हात आडवा करून ५ सेकंद धरता येतो. आपल्याकडे उजवीकडे वळताना हाच हात दाखवावा लागतो, आणि तेवढा वेळ सायकल एकट्या डाव्या हातावर असते. म्हणून दुखरा हात कुठलाही असो, ही परीक्षा दोन्ही बाजूंनी द्या.

सावध: पाच पार पडल्या, एक राहिली, तर आठवडाभर थांबून पुन्हा. वेदनाशामक गोळी घेऊन परीक्षा देऊ नका.

## टप्पा ८: पहिले चार आठवडे

पहिला दिवस मोकळ्या मैदानात. प्रदर्शन किंवा सभा नसेल तेव्हा मेरी वेदरसारखं मैदान उत्तम. २० मिनिटं फक्त एवढंच: सुरू करा, थांबा, ब्रेक दाबा, आठचा आकडा काढा, एक हात सोडून हळू चालवा. इथे जो डळमळतो त्याचं सिग्नलला काय होईल?

त्यानंतर एक दिवसाआड, आठवड्यात तीनदा. पहिला आठवडा ३० मिनिटं, दुसरा ४०, तिसरा ६०, चौथा ७५ ते ९०. वाढवायचा तो वेळ. वेग, चढ आणि ग्रुप या महिन्यात नाही. ग्रुपमध्ये पुढच्याचं चाक बघत चालवावं लागतं आणि 'भावा, चल की जरा' म्हणणारा एकजण असतोच.

रंकाळ्याभोवतीचा रस्ता घराजवळचा म्हणून मोह होतो, पण पहाटे तिथे फिरायला येणारे, कुत्री आणि गाड्या एकत्र असतात. त्यापेक्षा विद्यापीठाच्या बाजूचे रुंद रस्ते, उजाडल्यावर. हंगाम बघा. नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू झाली की कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, मागची ट्रॉली झोकांडते, आणि रस्त्यावर पडलेल्या ओल्या उसाच्या कांड्यावर चाक गेलं की सरळ आडवं. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या टायरांचा काळा चिखलही तसाच. पहिला महिना हे रस्ते टाळा, आणि पावसात तर निघूच नका.

स्पीडब्रेकर दिसला की आधीच वेग कमी करा, दोन्ही पेडल एका पातळीत आणा, ढुंगण सीटवरून बोटभर उचला, कोपर सैल. धक्का पायांनी घ्यायचा. ताठ कोपरांनी घेतलेला प्रत्येक धक्का थेट मोडलेल्या जागी जातो.

पाठीवर सॅक नको. तिचा पट्टा बरोबर कॉलर बोनवर येतो आणि प्लेट असेल तर कातडी सोलते. पाणी फ्रेमवर, बाकी सामान सीटखालच्या पिशवीत.

तपासा, प्रत्येक वेळी घरी आल्यावर: वेदनेला दहापैकी गुण द्या. ३ पर्यंत आणि सकाळपर्यंत गेली, तर पुढे जा. ४-५ असेल तर तीन दिवस थांबून आदल्या आठवड्याच्या वेळेवर या. एकाच बिंदूवर नवी टोचणारी कळ, नवा उंचवटा किंवा हाडाच्या जागी 'कट' आवाज आला तर सायकल बंद आणि एक्स-रे.

मुंग्या कुठे येतात तेही लक्षात ठेवा. करंगळी आणि शेजारच्या बोटाला आल्या तर बहुधा हँडलचा दाब. हाताची जागा बदलत राहा, जाड ग्लोव्ह घाला. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला, विशेषतः मनगट मोडल्यानंतर आणि रात्री झोपेत येत असतील, तर मनगटातली नस दबतेय, डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ९: पन्हाळा, जोतिबा आणि उतार

सपाटीवर दीड तास सलग दोन आठवडे न दुखता झाला, मगच घाट. पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर आणि चढ साधारण ४०० मीटर उंचीचा. चढताना पाय दमतात, हाताला फारसं काही होत नाही, फक्त बसूनच चढा. उभं राहून हँडल ओढलं तर कॉलर बोनवर पीळ पडतो.

खरी परीक्षा उतरताना. ब्रेक दाबला की अंगाचं वजन पुढे सरकून तळव्यांवर येतं, आणि वाटेतल्या वाघबिळापर्यंत बोटं कामाला लागलेली असतात. दमलेली बोटं शेवटच्या वळणावर दगा देतात. म्हणून पहिल्या दोन वेळा चढून जा आणि खाली गाडीत सायकल टाकून या. हसणारे हसतील.

तिसऱ्या वेळी उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका: वळणाआधी दोन्ही दाबा, वळणात सोडा. दर दोन किलोमीटरला थांबून बोटं झटका. धुकं किंवा पाऊस असेल त्या दिवशी उतार नाही. क्लीट आणि ग्रुप हे दोन्ही या उताराच्या नंतर.

प्लेट टोचत असेल आणि काढायची ठरली, तर ती सहसा वर्षभरानंतर आणि सायकलचा हंगाम नसताना काढून घ्या. स्क्रूची भोकं भरून येईपर्यंत हाड तात्पुरतं कमजोर असतं. त्या काही आठवड्यांसाठी सायकल पुन्हा ट्रेनरवर, आणि रस्त्याआधी टप्पा ७ पहिल्यापासून.